रिकामा पट्टा

2024 च्या पाडव्याला कडकोळच्या एका मराठी घरात गुढी उभारून होत नाही तोच कुत्र्याचा विषय निघाला. घर मूळचं मिरजेचं. मुलगा कडकोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागला, इथेच संसार थाटला, आणि आजी गेल्यावर आबाही शरावती एक्सप्रेसनं म्हैसूरला उतरून कायमचे इकडे आले. म्हैसूर-नंजनगूड रस्त्यापासून थोडं आत घर. मागे भाताची खाचरं, त्यापलीकडे चामराजनगरकडे जाणारी रेल्वे. मोठी मुलगी आठ वर्षांची, तिला सगळे ताई म्हणत. धाकटा छोटू साडेतीनचा, नुकताच शेजारच्या मुलांकडून कन्नड बोलायला शिकलेला. कुत्र्याच्या पिल्लाला तो ‘नायीमरी’ म्हणायचा, आणि दिसेल त्या नायीमरीच्या शेपटीला हात घालायचा.

“पाडव्याला काहीतरी नवी वस्तू घरात आणतात. यंदा कुत्रा आणू,” बाबा म्हणाले.

“कुत्रा वस्तू आहे का?” आईनं विचारलं.

टेरियर आणायचा यावर बाकीच्यांचं एकमत होतं, पण प्रत्येकाच्या मनातला टेरियर वेगळा होता. बाबांना हवा होता बुल टेरियर: लांबट गोल तोंडाचा, पिळदार अंगाचा. त्यांची रात्रपाळी असली की घरात आबा, बायको आणि दोन लेकरंच. म्हैसूरच्या आसपास बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. ताईला हवा होता ‘द मास्क’ सिनेमात उड्या मारणारा जॅक रसेल. आबांना हवा होता त्यांच्या तबकडीवरचा कुत्रा. मिरजेहून येताना त्यांनी भांडीकुंडी मागे ठेवली, पण बालगंधर्वांच्या तबकड्या मांडीवर घेऊन आले होते. त्या कुत्रा छाप तबकडीवर कर्ण्यापुढे मान वाकडी करून बसलेला तो शहाणा प्राणी घरात असावा, असं त्यांना लहानपणापासून वाटायचं.

आईला कुत्राच नको होता. 12 मार्चला केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र पाठवलं होतं. तेवीस जातींची कुत्री माणसाच्या जिवाला धोकादायक, त्यांना परवाने देऊ नका, असं त्यात होतं. यादीत पिटबुल टेरियर होता, अमेरिकन स्टॅफर्डशर टेरियर होता, आणि पुढे नुसतंच ‘टेरियर’ असंही लिहिलेलं होतं. आईनं ती बातमी मोबाइलवर जपून ठेवली होती. पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी, 10 एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. बाबा कारखान्यातूनच फोनवर म्हणाले, “बघ, कोर्टानं बंदी उठवली.”

“कोर्टानं पत्र रद्द केलं,” आई म्हणाली. “कुत्रा आपल्या घरात नांदेल, असं काही कोर्टानं म्हटलेलं नाही.”

मला दोन्ही गोष्टी पटतात. तीन किलोचा यॉर्कशर टेरियर आणि पिटबुल यांना एकाच दावणीला बांधणारी यादी चुकीचीच होती. संबंधितांना न विचारता काढलेलं पत्र न्यायालयानं रद्द केलं, ते बरं झालं. पण घरात साडेतीन वर्षांचं मूल असताना आई जे विचारत होती, त्याचं उत्तर कुठल्याही निकालात मिळणारं नव्हतं.

शेवटी सगळे मिळून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणजे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर. नोकरीतली बरीच वर्षं बेळगाव जिल्ह्यात गेल्यानं मराठी बोलत, तेही अगदी बेळगावी थाटात. त्यांच्या पडवीत आजही कुणाची शेळी, कुणाचं वासरू उभं असायचंच.

“कुठली जात चांगली, डॉक्टर?” बाबांनी बसल्या बसल्या विचारलं.

“सगळ्या चांगल्या हायत की,” डॉक्टर म्हणाले. “जात म्हणजे काय सांगू? त्याच्या पणजोबाची नोकरी. नोकरी गेली, पण हात अजून शिवशिवतात. ती नोकरी तुमच्या घरात चालणार काय, एवढं बघायचं.”

मग त्यांनी एकेकाची नोकरी सांगितली, आधी ताईच्या जॅक रसेलची. 1819 साली ऑक्सफर्डला शिकणाऱ्या जॉन रसेल नावाच्या एका पोरानं दूधवाल्याकडून एक पांढरी, तांबूस ठिपक्यांची कुत्री विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प. हा पोरगा पुढे पाद्री झाला, पण कोल्ह्याच्या शिकारीचा नाद काही सुटला नाही. त्यानं अशी कुत्री पैदा केली की छाती अरुंद, बिळात मावेल अशी. रंग पांढरा, म्हणजे धांदलीत कोल्हा समजून तिच्यावरच कुणी तुटून पडायला नको. कुत्र्यानं बिळात शिरायचं, भुंकून भुंकून कोल्ह्याला बाहेर काढायचं, मारायचं मात्र नाही.

“आता विचार करा,” डॉक्टर ताईकडे वळले. “अंधाऱ्या बिळात मालकाचा आवाज पोचतो काय? नाही. आत काय करायचं ते कुत्र्यानं आपलं आपणच ठरवायचं. म्हणून ते हुशार. आणि म्हणूनच हट्टी. भुंकणं, उकरणं, मागं न फिरणं, हे त्याचं वाईट वळण नव्हं, ते त्याचं काम. तिकडच्या बिळात कोल्हा असतोय. आपल्या बांधावरच्या बिळात काय असतंय?”

“उंदीर,” ताई म्हणाली.

“घूस,” आबा म्हणाले.

“नाग,” आई म्हणाली.

“आणि घोणस,” डॉक्टरांनी पुस्ती जोडली.

बाबांच्या बुल टेरियरला त्यांनी नावं ठेवली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्सनं ही जात घडवली. तिचे पूर्वज झुंजीतले, पण नीट वाढवलेला बुल टेरियर माणसांवर जीव टाकतो. अडचण वजनाची होती. पंचवीस-तीस किलोचा दगडासारखा घट्ट कुत्रा लाडानं जरी धावत आला तरी साडेतीन वर्षांचं मूल आडवं होतं. शिवाय त्याला आवरायला कुत्र्यात मुरलेला माणूस लागतो, आणि या घरात आधी कुणी कुत्रा पाळलेला नव्हता.

“मग ते छोटंसं? केसांना रिबीन बांधतात ते?” आईनं नाइलाजानं विचारलं.

“यॉर्की. यॉर्कशरच्या कापड गिरण्यांत उंदीर मारायचं काम होतं त्याचं. आता सोफ्यावर बसतंय. वजन तीन किलो. तुमच्या छोटूनं उचलून खाली टाकलं तर पुढचा पाय गेला. मोठ्या कुत्र्यापासून पोराला जपायचं, छोट्या कुत्र्याला पोरापासून जपायचं.” एअरडेल मोठा आणि भारदस्त, पण त्याच्या राठ केसांची निगा सोपी नाही. बॉर्डर टेरियर पोरांत मिसळणारा, पण आपल्याकडे सहसा बघायलाही मिळत नाही. पुस्तकात नाव वाचलं म्हणून कुत्रा शोधत हिंडायचं नाही, असं डॉक्टरांचं स्पष्ट मत होतं.

आबांनी घसा खाकरून विचारलं, “आणि आमचा तबकडीवरचा?”

“निपर! ब्रिस्टलचा, 1884 चा जन्म. त्यात टेरियरचंच रक्त. नाव निपर का पडलं माहीत हाय? आल्या-गेल्या पाहुण्यांच्या पोटऱ्यांना दात लावायचा.”

आबा बघतच राहिले. “तो? एवढा शांत बसलेला?”

“चित्रात शांत बसलाय, आबा. फ्रान्सिस बॅरो चित्रकारानं तो मेल्यावर चित्र काढलं, आणि 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीनं ते घेतलं. चित्रातलं कुत्रं भुकेजत नाही, कंटाळत नाही, कुणी शेपूट ओढली तर वैतागत नाही. तुमच्या घरी येणार ते खरं.”

मग डॉक्टर छोटूकडे बघून जे बोलले, ते लहान मुलं असलेल्या प्रत्येक घरानं ऐकावं असं मला वाटतं. लहान मुलाला चावणारं कुत्रं बहुतेक वेळा ओळखीचंच असतं, घरचं नाहीतर शेजारचं. आणि चावा चेहऱ्याला बसतो, कारण मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडापाशी येतं. चावण्याआधी कुत्रं सांगून बघतं: मान फिरवतं, भूक नसताना जीभ ओठांवरून फिरवतं, झोप नसताना जांभई देतं, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं, अंग ताठ करतं. मोठ्यांचं लक्ष मोबाइलमध्ये, आणि मुलाला ती भाषा येत नाही. मग सगळे म्हणतात, ‘काही कारण नसताना चावलं.’ मोठं माणूस हजर नसेल तर कुठल्याही जातीचं कुत्रं आणि लहान मूल एका खोलीत ठेवायचं नाही. आणि दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही न लावता तडक दवाखाना गाठायचा, मग कुत्र्याला लस दिलेली असो वा नसो.

“थोडक्यात, नको म्हणताय,” बाबा हिरमुसले.

डॉक्टर आत गेले आणि एक पट्टा घेऊन आले. चामडी गळपट्टा आणि त्याला सुती दोरी. “हे न्या. वटपौर्णिमेपर्यंत कुत्र्याची सगळी कामं करा. कुत्रं मी नंतर बघतो. सकाळी साडेपाचला फिरवायचं, संध्याकाळी फिरवायचं. दोन वेळा वाडगा भरायचा आणि धुवायचा. कोपऱ्यात अंथरूण घालायचं, तिथं कुणी जायचं नाही. ज्यानं फिरवलं त्यानं कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात नाव लिहायचं.”

“कुत्र्याशिवाय?” ताईनं विचारलं.

“कुत्र्याशिवाय.”

पहिल्या आठवड्यात मजा आली. बाबा आणि ताई रिकामा पट्टा घेऊन रेल्वेच्या कडेकडेनं चालून यायचे, आणि कालनिर्णयवर मोठ्या अक्षरांत ‘बाबा’ लिहिलेलं असायचं. मग बाबांची रात्रपाळी लागली. रात्रभर यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस पहाटे घरी येतो तेव्हा त्याला अंथरूण दिसतं, पट्टा दिसत नाही. यात आळस काही नव्हता. ताईला सुट्टी होती, पण तिला एकटीला हायवेच्या बाजूला पाठवता येईना. आबा उत्साहानं निघाले, पण गुडघ्यांनी कोपऱ्यावरच माघार घेतली. एप्रिल संपता संपता कालनिर्णयवर कोरे चौकोन दिसू लागले. आदल्या वर्षी पावसानं ओढ दिलेली, त्यात तो उन्हाळा भयंकर. सकाळी आठलाच बाहेर पाऊल टाकवत नव्हतं. साडेपाचची वेळ चुकली की दिवस गेला.

आबांनी मग छोटूला हाती धरलं. डॉक्टरांनी त्यांना एक खेळ शिकवला होता. आबा म्हणायचे, “नायी आली!” की छोटूनं झाड व्हायचं: पाय जमिनीत, हात पोटाशी धरलेले, नजर स्वतःच्या पायांकडे, तोंडातून आवाज नाही. आधी तो हसून हसून पडायचा. मग झाड व्हायला लागला, पण आबांनी बोटानं गुदगुल्या केल्या की झाड पळून जायचं. मे महिन्याच्या मध्यावर आबा त्याच्याभोवती घिरट्या घालून हुंगल्याचे आवाज काढायचे आणि छोटू नुसता डोळे मिटून उभा राहायचा. वाडग्याचंही तसंच. रिकाम्या वाडग्यापुढे बसून आबा म्हणायचे, “नायी जेवतेय,” आणि छोटू लांबून वळसा घालून जायचा. शेजारच्या बायकांना या घराचं काहीतरी बिनसलंय असं वाटायला लागलं होतं.

आईनं पट्टा पहिल्यांदा उचलला तो ताईच्या रडण्यामुळे. कोरा चौकोन बघून पोरगी म्हणाली, “आता डॉक्टर देणारच नाहीत.” दुसऱ्या दिवशी आई साडेपाचला उठली. तशीही ती त्या सुमाराला उठायचीच, पण ओट्यापाशी जायला. पट्टा हातात विचित्र वाटला म्हणून तिनं दोरी कमरेला बांधली आणि बांधावरून चालू लागली. हवा गार होती. चामुंडी टेकडीवरचे दिवे अजून विझले नव्हते. थोडं चालल्यावर ती धावायला लागली. लग्नाआधी सांगलीत कॉलेजच्या संघातून ती पाच हजार मीटर धावायची. ही गोष्ट त्या घरात कुणालाच माहीत नव्हती असं नाही. विसरायला झालं होतं, तिलासुद्धा.

दूध घालायला निघालेल्या बायका विचारायच्या, “नायी एल्ली?” कुत्रं कुठाय?

“बरुत्ते,” ती धावता धावता सांगायची. येईल.

वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळून झाल्यावर आई स्वतःच कालनिर्णय घेऊन डॉक्टरांकडे गेली. सगळं घर मागोमाग. डॉक्टरांनी चष्मा लावून एकेक पान उलगडलं. एप्रिलमध्ये ‘बाबा’, मग ‘बाबा’ विरळ होत गेलेलं. मध्ये कोऱ्या जागा. मग मेच्या अर्ध्यापासून जूनपर्यंत, पावसाच्या दिवसांतही, बारीक अक्षरात सलग ‘मी’, ‘मी’, ‘मी’.

“हे ‘मी’ कोण?”

कुणी बोललं नाही. ताईनं आईकडे बोट दाखवलं.

“मग आता जात सांगायला सोपं हाय,” डॉक्टर म्हणाले. “मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तुमच्या यजमानांकडे बघून सांगितलं असतं, आणि चुकलं असतं. जॅक रसेलला रोज पळायला लागतंय. या घरात पळणारं माणूस हाय. पण पिल्लू नको. पिल्लाचे दात सुईवानी, ते सगळं चावून बघतंय, आणि तुमचा छोटू अजून लहान. आईपासून आठ आठवडे व्हायच्या आधी तोडलेलं तर मुळीच नको. पोरांत वाढलेलं मोठं कुत्रं घ्या. स्वभाव कळलेला असतोय.”

म्हैसूरच्या कुवेंपुनगरमधलं एक कुटुंब परदेशी निघालं होतं. त्यांच्याकडे चार वर्षांची जॅक रसेल कुत्री होती. डॉक्टर स्वतः सोबत गेले. कुत्री पांढरी, एक कान काळा, सात किलोची. छोटू दारातच झाड झाला. ती आली, त्याचे पाय हुंगले, गुडघे हुंगले, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि सैल अंगानं शेपूट हलवत त्याच्या पायाशी बसली. डॉक्टर तिचे कान, तिचे डोळे बघत होते. मग त्यांनी आईला दोरी धरून तिला रस्त्याच्या टोकापर्यंत पळवून आणायला सांगितलं. परत आल्यावर दोघींना धाप लागली होती, आणि कुत्री आईच्या तोंडाकडे बघत होती. “झालं,” डॉक्टर म्हणाले. तिच्या काळ्या कानावरून ताईनं तिचं नाव मिरी ठेवलं.

मिरी आली म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं तुळशीपाशी हातभर खड्डा केला. बाबांनी डोक्याला हात लावला, आणि मग रविवारी सुट्टीत परसात चार विटा रचून वाळूचा हौद केला. आबा त्यात रोज करवंट्या पुरून ठेवतात आणि मिरी त्या उकरून काढते. तुळस वाचली. रात्रपाळी नसते तेव्हा वाडगा बाबा भरतात. ती भुंकते, फार भुंकते. शेजाऱ्यांना सांगून ठेवावं लागलं.

लावणीच्या दिवसांत एकदा आई, मिरी आणि दोन्ही मुलं संध्याकाळी बांधावर होती. गळपट्ट्याची कडी निसटली आणि मिरी सुटली ती थेट बांधातल्या एका बिळाशी. पुढचे पाय विजेसारखे चालू, मागे चिखल उडतोय, डोकं खांद्यापर्यंत आत. पलीकडच्या खाचरातली बाई ओरडली, “हावू इदे! हावू!” त्या बिळात साप होता, तिनं सकाळीच पाहिला होता. ताई कुत्रीकडे झेपावली, आईनं तिचा दंड धरला. छोटू जागच्या जागी झाड झाला होता, हात पोटाशी, नजर पायांकडे. आईनं एकदा शिट्टी घातली. मिरीनं ऐकलं नाही. बिळात तोंड घातलेला टेरियर ऐकत नाही, हे आईला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. तिनं दुसरी हाक मारली नाही, मागेही धावली नाही. ती उलट दिशेला वळली आणि रोज सकाळी जशी धावायची तशी पूर्ण जोर लावून धावत सुटली, तोंडानं रोजचं “चल मिरी, चल मिरी” चालू ठेवून. बांधावर तिची पावलं आपटत राहिली. मिरीनं डोकं बाहेर काढलं. नाकावर चिखलाचा गोळा. एकदा बिळाकडे पाहिलं, एकदा लांब जाणाऱ्या आईकडे, आणि ती आईमागे सुटली.

घरी आल्यावर आईनं आधी मिरीचे पाय, तोंड, पोट बोटांनी चाचपून पाहिलं, कुठे दंश नाही ना याची खात्री केली, मग कडी बदलली, आणि मगच खाली बसली.

गेल्या दिवाळीत बाबांच्या कारखान्यातलं एक जोडपं फराळाला आलं होतं. त्यांनाही दोन लहान मुलं. मिरीला पाहून दोघंही हरखली. “वहिनी, आम्हालाही असंच कुत्रं घ्यायचंय,” नवरा म्हणाला. “पोरांसाठी कुठली जात चांगली?”

आईनं चकल्यांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

“सकाळी साडेपाचला तुमच्याकडे कोण उठतं?” तिनं विचारलं.